बिडाचा तवा आणि आपले स्वयंपाकघर



आज मी ज्या विषयावर आपणाशी बोलणार आहे, तो ऐकून आपणापैकी कित्येकांना हसू येईल. ज्या मनुष्याने अडतीस वर्षे मुलांना अपूर्णांक आणि शुद्धलेखन शिकविण्यात घालविली, त्याने तव्यावर व्याख्यान द्यावे हे थोडेसे चमत्कारिकच. त्यातून माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; रसायनशास्त्राचा पदवीधर मी नव्हे, आणि स्वयंपाकघरात तर चहा करण्यापलीकडे माझा अधिकार आमच्या मंडळींनी कधी मान्य केलेला नाही. तथापि ह्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडलेली आहे; आणि ज्याचे उदाहरण चुकले त्यानेच ते फळ्यापाशी येऊन पुन्हा सोडवून दाखवावे, हा माझ्या वर्गातला नियम होता. तोच नियम आज मी स्वतःला लावीत आहे.

ती चूक अशी. २००४ साली आम्ही वाड्यातील जुने बिऱ्हाड हलवून पुण्यातच एका सदनिकेत राहावयास आलो. नवा ओटा, नवी शेगडी. तेव्हा जुनी भांडी हवीत कशाला, असे मनात येऊन मी माझ्या आईचा बिडाचा तवा भंगारवाल्याच्या तराजूत टाकला. तो तवा आईला तिच्या सासूकडून, म्हणजे आमच्या कोकणातल्या घरातून मिळालेला होता. रंगाने काळाभोर, अंगाने जाड, आणि मध्यभागी हात फिरविला तर काचेसारखा गुळगुळीत. आमच्या मंडळींनी त्या वेळी म्हटले, "अहो, जड आहे म्हणून देऊन टाकता खरे, पण आंबोळी सुटते ती ह्याच्यावरूनच." मी ऐकले नाही. लोखंडाच्या भावाने काही रुपये हातात आले, आणि त्यात भर घालून मी एक हलका, चकचकीत, काळ्या लेपाचा नवा तवा विकत आणला. हल्ली सर्वत्र ज्याला 'नॉनस्टिक' म्हणतात तो.

पहिले काही महिने तो नव्या नोकरासारखा फार तत्परतेने वागला. दीड वर्षात त्याच्या मध्यावर ओरखडे दिसू लागले, आणि तिसऱ्या वर्षी लेपाचे पापुद्रे निघू लागले. तो टाकला, दुसरा आणला. दुसरा टाकला, तिसरा आणला. दहा वर्षांत तीन तवे झाले. आईचा तवा मात्र दोन पिढ्यांत एकदाही बदलावा लागला नव्हता. हा हिशेब गणित शिकविणाऱ्या मास्तराला दहा वर्षे उशिरा सुचला, ह्याची मला आजही लाज वाटते.

आता बीड म्हणजे काय, ते प्रथम पाहू. लोखंडात शेकडा दोन ते चार भाग कर्ब मिसळला म्हणजे ते शुद्ध लोखंडापेक्षा पुष्कळ कमी उष्णतेवर वितळते आणि वाळूच्या साच्यात सहज ओतता येते. हे ओतीव लोखंड म्हणजेच बीड. कर्ब अधिक असल्यामुळे ते कठीण असते, पण ठिसूळही असते. उंचावरून पडले किंवा तापलेले असता त्यावर गार पाणी ओतले, तर तडकते. पोळी-भाकरीसाठी आपण वापरतो तो पातळ लोखंडी तवा निराळा, तो पत्र्याचा. घावन, आंबोळी, धिरडे ह्यांसाठी जाड बिडाचाच तवा लागतो. त्याचे कारण असे की, तो तापावयास वेळ लावतो, परंतु एकदा तापला म्हणजे त्याच्या जड अंगात पुष्कळ उष्णता साठून राहते. पातळ तव्यावर गार पीठ ओतले की तवा लगेच निवतो आणि पीठ चिकटून बसते. बिडाचा तवा तसा निवत नाही.

परंतु केवळ जाडपणामुळे आंबोळी सुटते असे नव्हे. बाजारातून आणलेल्या कोऱ्या बिडाच्या तव्यावर आंबोळी घालून पाहा. ती सुटणार नाही, खरवडावीच लागेल. जुन्या तव्यावर ती सुटते, कारण त्या तव्याच्या अंगावर तेलाचा एक राप बसलेला असतो. हा राप म्हणजे साचलेला मळ नव्हे. जवसाच्या तेलात रंग कालवून चित्रे काढणारे लोक आपण पाहिले असतील. ते तेल हवेतील प्राणवायूच्या योगाने हळूहळू घट्ट होते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. जी क्रिया चित्राच्या कापडावर होण्यास कित्येक दिवस लागतात, तीच क्रिया चांगल्या तापलेल्या लोखंडावर तासाभरात होते. तेलाचे सुटे सुटे रेणू एकमेकांत गुंतून त्यांचे एक जाळे तयार होते, आणि ते लोखंडाच्या खरखरीत पृष्ठभागाला घट्ट धरून बसते. अशा जाळीदार किंवा साखळीसारख्या मोठ्या रेणूंच्या पदार्थाला शास्त्रज्ञ बहुवारिक म्हणतात.

गंमत अशी की, नॉनस्टिक तव्याचा लेप हाही एक बहुवारिकच आहे. म्हणजे आपल्या आजीने जे साधले आणि कारखान्याने जे साधले, त्यांत तत्त्वाचा भेद नाही. भेद आहे तो इतकाच की, एक लेप घरी तेलापासून होतो आणि बिघडला तर घरीच दुरुस्त होतो. दुसरा लेप कारखान्यात होतो आणि बिघडला तर तो दुरुस्त करण्याचा उपाय घरात नसतो. एक वापराने वाढतो, दुसरा वापराने झिजतो. आजच्या माझ्या बोलण्याचा सगळा मथितार्थ ह्या एका वाक्यात आहे.

ह्या दुसऱ्या लेपाची जन्मकथा मोठी मनोरंजक आहे. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ शीतकपाटासाठी लागणाऱ्या वायूंवर काम करीत होता. एका नळकांड्यातून वायू बाहेर येईना. पण वजन करावे तर नळकांडे रिकामे नाही! शेवटी ते कापून पाहिले, तेव्हा आत मेणासारखी पांढरी भुकटी आढळली. तिला काही चिकटेना, आणि आम्लांचा तिच्यावर परिणाम होईना. हाच तो पदार्थ, जो पुढे 'टेफ्लॉन' ह्या नावाने प्रसिद्धीस आला. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या कामी लागणाऱ्या दाहक वायूला तोंड देण्यासाठी त्याचा उपयोग झाला. पुढे १९५४ च्या सुमारास फ्रान्समधील मार्क ग्रेग्वार हा अभियंता मासेमारीच्या साहित्याला तो लावून पाहत होता. त्याच्या पत्नीने सुचविले की, हाच लेप माझ्या स्वयंपाकाच्या भांड्याला लावून पाहा. त्याप्रमाणे त्याने केले, आणि १९५६ साली अशा भांड्यांची कंपनीही निघाली. ह्या शोधाचा मी उपहास करीत नाही. मनुष्याच्या बुद्धीला तो भूषणावहच आहे. प्रश्न एवढाच की, तो आपल्या चुलीवर शोभतो काय?

चुलीवरची पहिली अडचण उष्णतेची. हा लेप सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंत स्वस्थ असतो. त्यापलीकडे तो हळूहळू विघटन पावू लागतो आणि साडेतीनशे अंशांच्या पुढे तर झपाट्याने. रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवला, तर थोड्याच मिनिटांत तो ही मर्यादा ओलांडू शकतो. आणि आपल्याकडे तर तवा आधी चांगला तापवावयाचा आणि मग त्यावर भाकरी टाकावयाची, हीच रीत! अशा अति तापलेल्या लेपाच्या वाफेने घरात पिंजऱ्यात ठेवलेले पोपट व इतर पाळीव पक्षी दगावल्याची उदाहरणे पशुवैद्यांनी नोंदलेली आहेत. माणसालाही त्या वाफेने थंडीतापासारखा ज्वर येतो. तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. उलट हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, लेपाचा एखादा कण पोटात गेला तर तो न पचता तसाच बाहेर पडतो. त्याने लगेच विषबाधा होते ही समजूत खरी नाही.

दुसरी अडचण आपल्या स्वयंपाकघरातली नाही. ती दूरची आहे, आणि मला तीच अधिक अस्वस्थ करते. हा लेप तयार करताना कारखान्यात पुष्कळ वर्षे 'पीएफओए' नावाचे एक रसायन वापरीत असत. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया संस्थानात पार्कर्सबर्ग गावाजवळ, ओहायो नदीच्या काठी, ड्यूपाँटचा असा कारखाना होता. तेथील एका शेतकऱ्याची गुरे मरू लागली, तेव्हा रॉबर्ट बिलॉट ह्या वकिलाने १९९९ मध्ये दावा दाखल केला. त्यातून जे बाहेर आले ते असे की, हे रसायन आसपासच्या गावांच्या पिण्याच्या पाण्यात उतरले होते. पुढे नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने त्या भागातील हजारो लोकांची तपासणी केली आणि २०१२ पर्यंत असा निष्कर्ष काढला की, मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, कंठग्रंथीचे विकार, मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातील रक्तदाब, ह्या सहा व्याधींशी त्या रसायनाचा संभाव्य संबंध आहे. २०१७ साली सुमारे साडेतीन हजार दावे ६७ कोटी डॉलरांवर मिटविण्यात आले. २०१९ साली स्टॉकहोम येथील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत ह्या रसायनाची गणना झाली, आणि २०२३ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने ते मनुष्यास कर्करोगकारक ठरविले.

आता मोठ्या कंपन्यांनी ते रसायन वापरणे सोडले आहे, हे खरे. परंतु त्याच्या जागी जी त्याच कुळातली रसायने आली, त्यांच्याविषयीही शंका उपस्थित झाल्या आहेत. ह्या कुळाचा स्वभावच असा की, कर्ब आणि फ्लुओरीन ह्यांचे बंधन अत्यंत बळकट असल्यामुळे निसर्गात ती सहजासहजी मोडत नाहीत. पाण्यात, मातीत, प्राण्यांच्या रक्तात ती वर्षानुवर्षे राहतात. म्हणूनच अमेरिकेतील मिनेसोटा संस्थानाने १ जानेवारी २०२५ पासून अशी रसायने मुद्दाम वापरून केलेल्या भांड्यांच्या विक्रीस बंदी केली. माझी आंबोळी सहज सुटावी म्हणून कोण्या अनोळखी माणसाच्या पिण्याच्या पाण्यात विष उतरावे, हा सौदा मला तरी महाग वाटतो.

आता लोखंडाच्या दुसऱ्या गुणाकडे वळू. २०१५ साली आमची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली. जिना चढताना तिला दम लागे, चेहरा पांढुरका दिसे. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८.९ निघाले, गर्भवती स्त्रीचे ते निदान ११ असावे असे शास्त्र सांगते. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाज्या व लिंबू खावयास सांगितले, जेवणाबरोबर चहा घेऊ नये म्हणून बजावले, आणि जाता जाता विचारले, "तुमच्याकडे भाजी कशात करतात?" आमची मंडळी माझ्याकडे पाहत राहिली. काही बोलली नाही, पण मला त्या दृष्टीचा अर्थ कळला. लोखंडी कढईसुद्धा मी त्या तव्याबरोबरच भंगारात दिली होती.

हे दुखणे एकट्या आमच्या घरचे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींत रक्तक्षय आढळला, आणि पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण शेकडा ६७ निघाले. लोखंडी भांड्यात शिजविलेल्या अन्नात लोहाचा अंश वाढतो, विशेषतः अन्न ओलसर व किंचित आंबट असून ते भांड्यात बराच वेळ राहिले तर, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. इथिओपियात काही घरांना लोखंडी व काही घरांना ॲल्युमिनियमची भांडी देऊन वर्षभर मुलांची तपासणी करण्यात आली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात लोखंडी भांड्यांतले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन अधिक वाढलेले दिसले.

मात्र येथे अतिशयोक्ती होऊ नये. ज्या तव्यावर उत्तम राप बसला आहे, त्यातून लोह कमीच उतरते, कारण तो रापच अन्न आणि लोखंड ह्यांच्यामध्ये असतो. म्हणून आंबोळीसाठी रापलेला बिडाचा तवा आणि पालेभाजी, उसळ किंवा फोडणी ह्यांसाठी साधी लोखंडी कढई व पळी, अशी दोन्ही घरात असावीत. रक्तक्षय जडला असेल तर औषध डॉक्टरांचेच घ्यावे. कढई ही गोळीच्या जागी नव्हे. आणि थॅलेसेमियासारख्या ज्या विकारांत शरीरात लोह साचते, अशा रोग्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून ह्या भांड्यांतले अन्न नित्य घेऊ नये.

आता तवा तयार करावयाचा कसा, ते सांगतो. मुलीच्या आजारानंतर मी मंडळींच्या माहेरी गेलो असता तेथील पडवीत कोनाड्यात एक बिडाचा तवा गंजून पडलेला दिसला. तो मागून आणला, आणि पुढील सर्व कृती आमच्या मंडळींच्या देखरेखीखाली मी माझ्या हातांनी केली. प्रथम काथ्या आणि राख घेऊन तांबूस गंज पार घासून काढावा. नंतर तांदळाच्या धुवणात किंवा पातळ पेजेत तवा दोन-तीन दिवस बुडवून ठेवावा व ते पाणी रोज बदलावे, अशी कोकणातली जुनी रीत आहे. मग स्वच्छ धुऊन मंद आचेवर ठेवून अगदी कोरडा करावा. त्यावर तेलाचे बोट फिरवावे आणि लगेच फडक्याने असे पुसून घ्यावे की, तेल लावलेच नव्हते असे वाटावे. येथेच बहुतेकांचे चुकते. तेल जास्त झाले की राप न बसता चिकट थर बसतो. मग खिडक्या उघड्या ठेवून तवा इतका तापवावा की धूर निघू लागेल, आणि धूर थांबेपर्यंत तसाच ठेवावा. निवला की पुन्हा तेल, पुन्हा पुसणे, पुन्हा तापविणे. असे चार-पाच वेळा केले म्हणजे पाया तयार होतो. पुढचे काम रोजचा वापर करतो.

रोजच्या वापरात चार गोष्टी सांभाळाव्यात. तवा मंद आचेवर हळूहळू तापवावा. पाण्याचा थेंब टाकला असता तो मोत्यासारखा नाचू लागला की तवा तयार झाला असे समजावे आणि आच जरा उतरवून पीठ घालावे. अर्धा कापलेला कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवावा. तेल तेवढेच पुरते. काम झाल्यावर तवा कोमट होऊ द्यावा, मग धुवावा. थोडा साबण लागला तर राप निघून जात नाही, परंतु तवा पाण्यात भिजत मात्र ठेवू नये. धुतल्यावर आचेवर कोरडा करून तेलाचा हात लावून ठेवावा. चिंच, कोकम, टोमॅटो ह्यांचे पदार्थ त्यात शिजवू नयेत. आंबटाने राप उतरतो व अन्नाला लोखंडाची चव येते. आवळा लोखंडाला लागला की काळा पडतो, त्याला भिऊ नये. हिरडा आणि हिराकस ह्यांपासून पूर्वी दौतीतली काळी शाई करीत असत. तीच ही क्रिया.

कोणी म्हणेल, एवढी यातायात करावयास आज वेळ कोणाला आहे? आक्षेप रास्त आहे. नोकरी करून घर सांभाळणाऱ्या भगिनींवर मी आणखी एक ओझे लादू इच्छीत नाही. परंतु मी हिशेब करून पाहिला. पहिल्या दिवसांचे श्रम सोडले, तर रोज तवा कोरडा करून तेल लावण्यास दोन मिनिटे लागतात, आणि ती दोन मिनिटे घरातल्या पुरुषाने द्यावीत. आमच्या घरी हे काम गेली कित्येक वर्षे मजकडे आहे. ज्यांच्या मनगटात जोर उरला नाही अशा वृद्धांना बिडाचा तवा जड जातो, हे मला मान्य आहे. त्यांनी पत्र्याचा लोखंडी तवा वापरावा, तोही असाच रापतो. आणि ज्यांच्याकडे लेपाचा चांगला तवा आहे, त्यांनी घाबरून तो आजच फेकावा असेही मी म्हणत नाही. मंद आचेवर, लाकडी कालथ्याने, रिकामा न तापविता तो वापरावा. पापुद्रे निघू लागले की मात्र बाजूस ठेवावा, आणि त्याच्या जागी दुसरा तसलाच आणण्यापूर्वी माझे आजचे बोलणे आठवावे.

आमच्या मुलीचे बाळंतपण सुखरूप झाले. श्रेय औषधाला आणि डॉक्टरीणबाईंना आहे, तव्याला नाही. ती नात आता शाळेत जाते. सुटीत आमच्याकडे आली की स्टुलावर उभी राहून आंबोळी घालते. गेल्या दिवाळीत तिने पहिल्यांदा एक आंबोळी न फाडता उलटली आणि मला विचारले, "आजोबा, हा तवा कोणाचा?" मी सांगितले, तुझ्या आजीच्या माहेरचा. "मग तुमच्या आईचा कुठे आहे?" ह्या प्रश्नाचे उत्तर मला तिला द्यावे लागले. ते देताना मला फार जड गेले.

आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर, पडवीत, पलंगाखाली असा एखादा तवा गंजत पडला असेल. गंज ही त्याची अखेर नव्हे. तासभर घासले तर तो पुन्हा उभा राहतो. भंगारवाला दाराशी येण्यापूर्वी तो एकदा खाली काढून पाहा, एवढीच माझी विनंती.